बातमीवर हसायचे तर आधी बातमी हवी

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या २३४ नव्या शहरांसाठी ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. यादीत लातूर, चंद्रपूर, यवतमाळ, मालेगाव, नंदुरबार ही आपली शहरे आहेत. स्थानिक भाषेतला आशय वाढावा, हा त्यामागचा एक हेतू सांगितला गेला. म्हणजे यवतमाळच्या एखाद्या आरजेला आपल्या बोलीत, आपल्या माणसांशी बोलता येईल. तो गाणी लावेल, श्रोत्यांचे फोन घेईल, पावसाचा अंदाज सांगेल. पण काल विधानसभेत काय झाले हे मात्र त्याला स्वतःहून सांगता येणार नाही. साहजिकच त्यावर विनोदही करता येणार नाही.

हे अनेकांना ठाऊकच नसते. ‘एफएमवर नुसती बडबड चालते’ अशी तक्रार आपण करतो, पण तिथे बातमी का नसते हा प्रश्न सहसा विचारत नाही. इतर देशांत रेडिओवर बातम्यांचा एक अतिशय लोकप्रिय विनोदी प्रकार अनेक दशके चालत आला आहे. चालू घडामोडींवरची प्रश्नमंजुषा, आणि उत्तरे देणारे विनोदकार. हा प्रकार कसा चालतो ते नीट पाहिले की आपल्याकडे नेमकी कशाची उणीव आहे तेही कळते.

खेळ असतो तरी कसा

दोन कार्यक्रम या प्रकारातले मुख्य. ब्रिटनमध्ये बीबीसी रेडिओ ४ वरचा ‘द न्यूज क्विझ’ सप्टेंबर १९७७ पासून चालू आहे. अमेरिकेत ‘वेट वेट... डोन्ट टेल मी!’ जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाला. नॅशनल पब्लिक रेडिओ, म्हणजे एनपीआर, आणि शिकागोचे डब्ल्यूबीईझेड हे केंद्र मिळून तो तयार करतात. पहिल्या वर्षापासूनच पीटर सेगल त्याचे सूत्रसंचालन करत आहेत.

अमेरिकेतल्या कार्यक्रमाची रचना अशी. गुरुवारी संध्याकाळी शिकागोतल्या नाट्यगृहात प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रण होते आणि शनिवार-रविवारी ते देशभरच्या केंद्रांवरून ऐकवले जाते. व्यासपीठावर सूत्रसंचालक, गुणलेखक आणि तीन विनोदकार असतात. मधूनमधून सामान्य श्रोते फोनवरून खेळात उतरतात. आठवड्यातल्या मोठ्या बातमीतले एखादे वाक्य गुणलेखक वाचून दाखवतो आणि ते कोणाचे किंवा कशाबद्दलचे, हे श्रोत्याने ओळखायचे. दुसऱ्या एका फेरीत बातमीवर रचलेली पाच ओळींची वात्रटिका वाचली जाते. तिचा शेवटचा शब्द गाळलेला असतो, तो श्रोत्याने भरायचा. शेवटी विनोदकारांची झटपट फेरी होते, प्रत्येकाला एक मिनिट आणि बरोबर उत्तराला दोन गुण.

एक फेरी मला विशेष आवडते. त्यात एखाद्या नामवंत पाहुण्याला मुद्दाम त्याच्या कामाशी काडीचा संबंध नसलेल्या विषयावर तीन प्रश्न विचारतात. बराक ओबामा सिनेटर असताना २००५ मध्ये या फेरीत येऊन गेले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर पदावर असताना आले आणि त्यांना रॉक संगीतकारांबद्दल प्रश्न विचारले गेले. मोठ्या पदावरचा माणूस चारचौघांसमोर चुकीचे उत्तर देतो आणि त्यावर स्वतःही हसतो, हे लाखो लोक ऐकतात. लोकशाहीच्या आरोग्यासाठी ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

ब्रिटनचा ‘न्यूज क्विझ’ जास्त तिखट आहे. अठ्ठावीस-तीस मिनिटांचा कार्यक्रम, चार पाहुणे, आणि गुण जवळजवळ नावापुरतेच. प्रश्न एका ओळीचा, पण उत्तर देता देता पाहुणा सरकारच्या धोरणावर पाच मिनिटे बोलतो. बॅरी नॉर्मन, बॅरी टूक, सायमन हॉगर्ट, सॅंडी टॉक्सविग, माइल्स जप असे सूत्रसंचालक झाले. २०२० पासून अँडी झाल्ट्झमन आहेत. हॉगर्ट स्वतः संसदेचे वार्तांकन करणारे पत्रकार होते. पत्रकार आणि विनोदकार एकाच टेबलाभोवती बसतात, ही या कार्यक्रमाची पहिल्यापासूनची रीत.

गंभीर आवाज कशासाठी

या दोन्ही कार्यक्रमांत एक समान गोष्ट आहे आणि माझ्या मते सगळे मर्म तिच्यात आहे. दोन्हीकडे खरा वृत्तनिवेदक खेळात सामील असतो.

‘वेट वेट’चे पहिले गुणलेखक कार्ल कॅसल हे एनपीआरच्या सकाळच्या बातमीपत्राचे निवेदक होते. जवळजवळ तीस वर्षे अमेरिकन श्रोत्यांनी त्यांच्या आवाजात युद्धे, निवडणुका आणि वादळे ऐकली. तोच आवाज या कार्यक्रमात वात्रटिका वाचायचा. जिंकणाऱ्या श्रोत्याला बक्षीस काय, तर त्याच्या घरच्या फोनवर ‘संदेश ठेवा’ असे सांगणारा कॅसल यांचा आवाज! पैसे नाहीत, वस्तू नाही, फक्त विश्वासाचा एक आवाज. लोक त्यासाठी खेळायला उत्सुक असत. २०१४ मध्ये त्यांची जागा बिल कर्टिस यांनी घेतली, तेही दूरचित्रवाणीवरचे मुरलेले वृत्तनिवेदक. ब्रिटनमध्येही वर्तमानपत्रांतली गमतीशीर कात्रणे रेडिओ ४ चे वृत्तनिवेदकच वाचतात. शार्लट ग्रीन यांनी ती वर्षानुवर्षे बातमीच्याच सुरात वाचली.

आकाशवाणी पुणे केंद्राच्या सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या ज्यांनी वर्षानुवर्षे ऐकल्या, सुधा नरवणे यांचा आवाज ज्यांच्या कानात आहे, त्यांना या आवाजाचे वजन समजावून सांगायला नको. त्या आवाजात आलेली गोष्ट पडताळलेली असणार, हा भरवसा घराघरांत होता. विनोदाला हाच भरवसा लागतो. चेंडू उसळतो तो कडक जमिनीवर, वाळूत टाकला तर रुततो. बातमी पक्की असेल तरच तिच्यावर टाकलेला विनोद उसळी घेतो. बातमीच खरी की खोटी याचा पत्ता नसेल, तर ऐकणारा हसण्याआधी शंका घेतो किंवा अफवेवर हसतो.

खोट्यातून खरे शोधायचा सराव

‘वेट वेट’मधल्या एका फेरीत तिन्ही विनोदकार एकाच विषयावरची एकेक बातमी सांगतात. एक खरी, दोन रचलेल्या. खरी कोणती ते श्रोत्याने ओळखायचे. मग त्या खऱ्या बातमीशी संबंधित माणसाचाच आवाज ऐकवून निकाल जाहीर होतो.

मराठीत ही फेरी कशी होईल, ते रस्त्यांतले खड्डे हा विषय घेऊन पाहू. पहिली बातमी: एका नगरपालिकेने खड्ड्यात साचलेल्या पाण्याला तळे ठरवून मासेमारीचा लिलाव पुकारला. दुसरी: खड्ड्यांवर विडंबनगीत म्हणणाऱ्या रेडिओ निवेदिकेच्या घरी महापालिकेचे पथक पोचले आणि डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस निघाली. तिसरी: एका शहराने प्रत्येक खड्डा दत्तक देण्याची योजना आणून पालकांना प्रमाणपत्रे वाटली.

पहिली आणि तिसरी मी आत्ता रचली. दुसरी खरी आहे. जुलै २०१७, मुंबई, रेड एफएमच्या मलिष्का यांचे ‘सोनू’ गाण्याचे विडंबन. पाठोपाठ शिवसेनेच्या नगरसेवकांनी त्यांच्यावर आणि वाहिनीवर पाचशे कोटी रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावावा, अशी मागणी केली होती.

अशी फेरी दर आठवड्याला ऐकणाऱ्याला आपोआप एक सवय लागते: चमत्कारिक बातमी कानावर आली की ‘ही खरी असेल का’ असे थांबून विचारायची. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर पुढे ढकलण्याआधी हाच प्रश्न पडायला हवा, असे आपण घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि मुलांना सारखे सांगतो. उपदेशाने जे होत नाही ते खेळाने होते, यावर माझा विश्वास आहे.

प्रश्नोत्तरेच कशाला? सरळ विनोद का नाहीत?

कारण सगळ्यांनी बातमी वाचलेली नसते. एकपात्री विनोद करणाऱ्याला श्रोत्यांना संदर्भ ठाऊक आहे असे धरून चालावे लागते. प्रश्नमंजुषेत आधी प्रश्न येतो, मग चुकीचा तर्क, मग बरोबर उत्तर, आणि सूत्रसंचालक दोन वाक्यांत मूळ बातमी सांगतो. टोलेबाजी त्यानंतर. आठवडाभर वर्तमानपत्र न उघडलेला माणूसही मागे पडत नाही. शिवाय ‘वेट वेट’मध्ये विनोदकाराला प्रश्न आधी ठाऊक नसल्यामुळे त्याचा गोंधळ खरा असतो आणि हजरजबाबीपणाही खरा.

ध्वनिमुद्रण मात्र प्रसारणापेक्षा बरेच लांब चालते. जमलेले तेवढे ठेवून बाकीचे कापतात. वस्तुस्थितीत चूक झाली असेल तर सूत्रसंचालक ते वाक्य पुन्हा म्हणतो. हलकेफुलके ऐकू येणाऱ्या तासामागे संशोधक, लेखक, संपादक यांचा आठवडा गेलेला असतो.

यामुळे बातम्या उथळ होत नाहीत का?

हा आक्षेप प्रामाणिक आहे. ज्या प्रश्नावर संताप यायला हवा त्यावर माणूस हसून मोकळा होतो, असे म्हणणारे आहेत, आणि त्यात तथ्यही आहे.

पण दुसरी बाजूही पाहा. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २००७ मध्ये लोकांच्या सामान्य राजकीय माहितीची पाहणी केली. दूरचित्रवाणीवरचे विनोदी बातमीपत्र नियमित पाहणारे लोक सर्वाधिक माहिती असलेल्या गटांत निघाले. प्रमुख वर्तमानपत्रांची संकेतस्थळे वाचणाऱ्यांच्या बरोबरीने! यावरून विनोदामुळे माहिती वाढते असे सिद्ध होत नाही. ज्यांना आधीच बरेच ठाऊक असते तेच अशा कार्यक्रमांकडे वळत असतील. पण विनोद ऐकणारा माणूस अडाणी राहतो, हा समज मात्र या आकड्यांपुढे टिकत नाही.

उथळपणा येतो तो निशाणा चुकल्यामुळे. पुरात घर वाहून गेलेल्या माणसावर विनोद नसतो, धरणाचे दरवाजे उघडण्याचा निर्णय लांबवणाऱ्यावर असू शकतो. हा फरक सांभाळणे हे संपादकाचे काम. तिथे चूक झाली तर टीका व्हायलाच हवी.

कोणाची बदनामी झाली तर?

कायदा तिकडेही आहे, फक्त त्याची रेषा वेगळ्या ठिकाणी आहे.

अमेरिकेत रेषा खूप दूर आहे. १९८८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, सार्वजनिक जीवनातल्या व्यक्तीचे विडंबन कितीही बोचरे असले, तरी केवळ मन दुखावले म्हणून तिला भरपाई मिळणार नाही. कोणी खरे मानणार नाही अशी अतिशयोक्ती म्हणजे खोटा आरोप नव्हे.

ब्रिटनमध्ये रेषा जवळ आहे. तिथला बदनामीचा दिवाणी कायदा कडक म्हणून ओळखला जातो, पण २०१३ च्या कायद्याने वस्तुस्थितीवर आधारलेल्या प्रामाणिक मताला संरक्षण दिले. एखाद्याला अटक झाली की त्याच्या खटल्यावर प्रभाव पडेल असे काही बोलायला १९८१ च्या न्यायालय अवमान कायद्याने बंदी आहे, मग ते विनोदात का असेना. प्रसारणावर ऑफकॉम ही नियामक संस्था लक्ष ठेवते. बदनामीचा फौजदारी गुन्हा मात्र इंग्लंडमध्ये रद्द झाला आहे.

आपल्याकडे बदनामी हा आजही फौजदारी गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशा तरतुदीची वैधता मान्य केली. केवळ ‘बोललो ते खरे होते’ एवढे म्हणून भागत नाही, ते लोकहितासाठी होते हेही दाखवावे लागते. दंड भरून मोकळे होण्याची शक्यता वेगळी आणि कोर्टाच्या तारखांना दुसऱ्या जिल्ह्यात हेलपाटे घालणे वेगळे. लहान केंद्रावरच्या माणसाला भीती वाटते ती या दुसऱ्या गोष्टीची.

सरकारी पैशावर सरकारचीच थट्टा?

बीबीसीचा खर्च मुख्यतः घरोघरी भरल्या जाणाऱ्या परवाना शुल्कातून चालतो. एप्रिल २०२५ मध्ये ते वर्षाला १७४.५० पौंड झाले. हा पैसा लोकांचा, सरकारचा नव्हे, हे तत्त्व तिथे पक्के आहे. तरीही शुल्काचा दर सरकार ठरवते आणि अधूनमधून कार्यक्रम एका बाजूला झुकल्याची ओरड होतेच. विरोधी पक्षात असताना टाळ्या वाजवणारे सत्तेत आल्यावर तक्रार करतात.

अमेरिकेत याची झळ नुकतीच बसली. जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक प्रसारणासाठी मंजूर झालेले सुमारे १.१ अब्ज डॉलर तिथल्या संसदेने परत घेतले. एनपीआरच्या स्वतःच्या खर्चात थेट सरकारी पैसा सुमारे एक टक्काच होता. पण हे कार्यक्रम विकत घेणाऱ्या छोट्या गावांतल्या केंद्रांचा आधार तोच होता. म्हणजे विनोदाला हात न लावताही तो ज्या वाटेने पोचतो ती वाट अरुंद करता येते.

मग आपल्याकडे हे का नाही?

विनोद कमी पडला म्हणून नव्हे. आकाशवाणी मुंबईच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी रोजच्या जगण्यातल्या अडचणींवर गप्पा मारायचे. बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी घरच्या माणसासारखे झाले होते. महागाई, रांगा, नगरपालिकेचा कारभार यांवर खुसखुशीत बोलायची परंपरा मराठी रेडिओला आहे. पण आकाशवाणीची आचारसंहिता कोणत्याही राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला करू देत नाही. केंद्र वा राज्य सरकारवर वैरभावाने टीका करू देत नाही. त्यामुळे विनोद घराच्या उंबऱ्याआत राहिला.

खासगी एफएमवर तर बातमीच नाही. परवान्याच्या भाषेत ‘बातम्या आणि चालू घडामोडी’ हा एक वेगळा वर्ग आहे आणि तो खासगी वाहिन्यांना बंद आहे. २०११ च्या धोरणाने एवढीच सवलत दिली की आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे, एक शब्दही न बदलता ऐकवता येईल. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, नोकऱ्यांची माहिती, वीज-पाण्याच्या सूचना, खेळांची माहिती हे ‘बातमी’त मोजले जात नाही. म्हणून आरजे खड्ड्यावर बोलू शकतो, पण खड्ड्याच्या निविदेवर सभागृहात झालेल्या वादावर कार्यक्रम करायला गेला की परवाना धोक्यात येतो. शिवाय आकाशवाणीची आचारसंहिता या वाहिन्यांनाही लागू आहे.

खासगी दूरचित्रवाणीवर शेकडो वृत्तवाहिन्या चोवीस तास बोलतात, वर्तमानपत्रे आहेत, मोबाइल आहे. बंदी फक्त रेडिओला. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ‘रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे’ असे सांगितले. त्याचा आधार घेत २०१३ मध्ये ‘कॉमन कॉज’ या संस्थेने बंदीला आव्हान दिले. खासगी रेडिओवर काय बोलले जाते यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा नाही, त्यामुळे सुरक्षेला धोका होऊ शकतो, असा केंद्राचा युक्तिवाद होता. ज्या देशात कोणीही फोन उघडून थेट प्रक्षेपण करू शकतो तिथे हा युक्तिवाद मला पटत नाही. एफएम वाहिनीचा पत्ता, मालक, परवाना, सगळे सरकारच्या दप्तरी असते. जाब विचारायला याहून सोपे माध्यम कोणते?

पॉडकास्ट आहेत की आता

आहेत, आणि त्यांना ही परवान्याची बंदी लागू नाही. मराठीत बातम्यांची विनोदी प्रश्नमंजुषा पॉडकास्ट म्हणून आजही सुरू करता येईल. इंटरनेटवरची लढाईही काही प्रमाणात जिंकली गेली आहे. केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच कक्षाला देणारा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. त्या प्रकरणातले एक याचिकाकर्ते विनोदकार कुणाल कामरा होते.

पण पॉडकास्ट शोधून ऐकावे लागते. रेडिओ न शोधता कानावर पडतो. टपरीवर, एसटीत, गोठ्यात, शिवणयंत्राशेजारी. शिवाय पॉडकास्ट बहुतेक वेळा आपल्या मताच्या माणसांपर्यंतच जाते. ज्या विनोदावर दोन्ही पक्षांचे लोक एकत्र हसतात, त्याला सगळ्यांच्या कानांपर्यंत जाणारे माध्यम लागते.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी एफएमला बातम्या आणि चालू घडामोडींची परवानगी द्यावी अशी शिफारस केली आहे. अट अशी की, दर तासाला दहाच मिनिटे, आणि बातम्यांसाठीची आकाशवाणीची संहिता यांनाही लागू. ही शिफारस जशीच्या तशी स्वीकारली गेली तरी अर्ध्या तासाचा ‘न्यूज क्विझ’ त्यात बसणार नाही. पक्षाचे नाव घेऊन टोला मारता येईल का, हा प्रश्नही उरेल. पण दहा मिनिटांत चार प्रश्न, एक वात्रटिका आणि एक खरी-खोटी बातमी एवढे नक्की मावते. त्यासाठी यवतमाळच्या त्या केंद्राला एक पूर्णवेळ बातमीदार नेमावा लागेल, कारण विनोदकाराच्या हातात पडताळलेली बातमी द्यायची ती त्यानेच.